सही तुमची, पुस्तिका सरकारची

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

"आम्ही चार वर्षांपासून अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो. मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे. मुलगा अडीच वर्षांचा आहे. मला पुन्हा दिवस गेले असून आठवा आठवडा चालू आहे. आत्ता दुसरे मूल नको, हे आम्ही दोघांनी शांतपणे ठरवले आहे. यजमान कामानिमित्त तीन आठवड्यांसाठी भारतात गेले आहेत आणि सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. त्यांना यातले काही ठाऊक नाही. क्लिनिकला फोन केला, तर त्यांनी सांगितले की आधी डॉक्टर तुमच्याशी बोलतील, सरकारने ठरवून दिलेली माहिती सांगतील, सरकारी पुस्तिका आहे, आणि त्यानंतर किमान २४ तास थांबावे लागेल. मला फार अपमान वाटला. विचार न करताच मी फोन केला, असे यांना वाटते का? शिवाय सांगलीला माझ्या चुलतबहिणीच्या वेळी दवाखान्याने नवऱ्याची सही मागितली होती. इथेही लागेल का? पुस्तिका वाचावीच लागते का? सही केली म्हणजे त्यात लिहिलेले मला मान्य आहे असे होते का? व्हिसाच्या अर्जात गर्भपाताविषयी एक प्रश्न होता असे आठवते, त्याचीही भीती वाटते. एडिसनची मावसबहीण म्हणते, 'न्यू जर्सीत ये, इथे असली कटकट नाही.' काय करू?"

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात पाच प्रश्न आहेत, पण रात्रीची झोप उडवणारा प्रश्न नवऱ्याच्या सहीचा असावा असे मला वाटते, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. पेनसिल्व्हेनियात तुमच्या गर्भपातासाठी तुमच्या यजमानांची सही लागत नाही, परवानगी लागत नाही, आणि त्यांना कळवले असल्याचा लेखी दाखलाही द्यावा लागत नाही. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिथे एकच सही चालते आणि ती तिची स्वतःची. यजमान पुण्यात असोत, दुबईत असोत वा शेजारच्या खोलीत, कायद्याच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही.

हे इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे की हा मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तो गेला तुमच्याच राज्यातून. पेनसिल्व्हेनियाचा गर्भपात नियंत्रण कायदा १९८२ चा. १९८८ आणि १९८९ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. विवाहित स्त्रीने आपण नवऱ्याला कळवले आहे असे सही करून लिहून द्यावे, असे एक कलम त्यात होते. राज्यातल्या काही क्लिनिकांनी आणि एका डॉक्टरने त्याला आव्हान दिले. त्या वेळचे राज्यपाल रॉबर्ट केसी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल २९ जून १९९२ रोजी लागला आणि नवऱ्याला कळवण्याची सक्ती घटनाबाह्य ठरली. ज्या घरात मारहाण आहे, धमक्या आहेत, तिथे 'फक्त कळवा' ही अटसुद्धा बाईला डांबून ठेवते, हे न्यायालयाने त्या निकालात विस्ताराने मांडले. तुमच्या घरात तसे काही नाही हे तुमच्या पत्रावरून दिसते. पण कायदा सगळ्या घरांसाठी असतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. तुम्ही इंटरनेटवर मूळ कायदा उघडलात तर ३२०९ क्रमांकाचे ते कलम आजही छापलेले दिसेल आणि तुम्ही पुन्हा घाबराल. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'डॉब्स' खटल्यात केसीचा निकाल मोडीत काढला, हेही कुठेतरी वाचाल. १९९१ मध्ये खालच्या अपील न्यायालयात बसून नवऱ्याला कळवण्याचे कलम वैध आहे असे वेगळे मत नोंदवणारे न्यायाधीश सॅम्युअल अॅलिटो हेच २०२२ च्या निकालाचे लेखक आहेत. इतिहासाच्या अशा गाठी वाचून मन अस्वस्थ होणे साहजिक आहे. पण व्यवहारात ते कलम लागू नाही आणि क्लिनिक तुम्हाला असा दाखला मागणार नाही. तुमच्या राज्यात कायद्याने गर्भपाताची मुदत २४ आठवड्यांची आहे आणि तुम्ही आठव्या आठवड्यात आहात.

आता सांगलीची गोष्ट. चुलतबहिणीकडे नवऱ्याची सही मागितली, याचे मला नवल वाटत नाही, पण तो आपल्याकडचा कायदा नव्हे. भारतातल्या १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान आणि मानसिकदृष्ट्या सक्षम स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पालकाची सही लागते ती अठरा वर्षांखालील मुलीच्या किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत. त्यासाठीचा 'फॉर्म सी' हा अगदी आटोपशीर कागद आहे: नाव, वय, पत्ता, अमुक ठिकाणी माझा गर्भ काढून टाकण्यास मी संमती देते, आणि खाली सही. नवऱ्याच्या सहीसाठी त्यावर रकानाच नाही. तरीही अनेक दवाखाने स्वतःच्या वेगळ्या कागदावर 'पतीची सही' अशी ओळ छापून ठेवतात, कारण उद्या नवरा येऊन भांडला तर काय, ही भीती. मी रुग्णांच्या हक्कांसाठी काम करत होतो तेव्हा अशा एका दवाखान्यातून, नवरा ट्रक घेऊन केरळला गेलेला म्हणून, एका बाईला 'मालक आले की या' असे सांगून परत पाठवलेले पाहिले. मालक अकरा दिवसांनी आले. त्या अकरा दिवसांत गोळ्यांवर भागणारे काम पिशवी साफ करण्यावर गेले. त्या दवाखान्याकडे कायद्याचे पुस्तक होते, कपाटात.

म्हणजे गंमत अशी की आपल्याकडे कायदा मोकळा आणि दवाखाना अडवणारा, तर तुमच्याकडे दवाखाना तुमच्या बाजूचा आणि कायदा अडवणारा. तुम्हाला फोनवर जे ऐकवले गेले ते त्या क्लिनिकचे मत होते असे समजू नका. त्यांनी ते सांगितले नाही तर डॉक्टरच्या परवान्यावर गदा येते, म्हणून त्यांना ते सांगावेच लागते.

यात नेमके काय आहे ते आता नीट पाहू, कारण तुमचा अपमान कुठून आला ते त्यातच कळेल. कायद्याने सांगायच्या माहितीचे दोन भाग केले आहेत. पहिला भाग गर्भपात करणाऱ्या, किंवा तुम्हाला तिथे पाठवणाऱ्या, डॉक्टरने स्वतः तोंडी सांगायचा असतो: प्रक्रिया काय आहे, तिचे धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, गर्भ अंदाजे किती आठवड्यांचा आहे, आणि गर्भ पूर्ण दिवस वाढवून बाळंतपण करण्यात वैद्यकीय धोके कोणते. दुसरा भाग डॉक्टर किंवा त्यांनी नेमलेली प्रशिक्षित व्यक्ती सांगू शकते: राज्याच्या आरोग्य खात्याने गर्भाचे वर्णन करणारी आणि मदत करणाऱ्या संस्थांची यादी देणारी पुस्तिका छापली आहे, ती पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि हवी असल्यास ती फुकट मिळेल, गरोदरपण, बाळंतपण आणि नवजात बाळाच्या उपचारांसाठी सरकारी वैद्यकीय मदत मिळू शकते, आणि मुलाच्या पोषणाची जबाबदारी वडिलांवर असते, गर्भपाताचा खर्च द्यायला ते तयार असले तरीसुद्धा. हे सगळे गर्भपाताच्या किमान २४ तास आधी व्हायला हवे, आणि ते झाले असे तुम्ही गर्भपातापूर्वी लेखी द्यायचे असते.

पहिला भाग पुन्हा वाचा. त्यात अपमान वाटण्यासारखे काही आहे का? मला तरी दिसत नाही. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेआधीही हेच सांगायला हवे, आणि आपल्याकडे ते पुष्कळदा सांगितले जात नाही, 'इथे सही करा ताई' म्हणून पेन पुढे केले जाते. समजून-उमजून दिलेली संमती ही कल्पना मुळात रुग्णाला डॉक्टरच्या मनमानीपासून वाचवण्यासाठी रुजली. आपल्या देहाचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक सज्ञान आणि शहाण्या माणसाला आहे, असे न्यूयॉर्कचे न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी १९१४ मध्येच लिहून ठेवले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हाच धागा धरून सांगितले की तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्याची संमती ठरत नाही, आणि गुंगीत असलेल्या सज्ञान मुलीच्या वतीने आईने दिलेली संमतीही चालत नाही. तेव्हा या पहिल्या भागाचा पुरेपूर फायदा घ्या. कागदावर प्रश्न लिहून ठेवा. रक्तस्राव किती झाला म्हणजे नेहमीचा आणि किती झाला म्हणजे तातडीने फोन करायचा? अडीच वर्षांच्या मुलाला त्या दिवशी कडेवर घेता येईल का? गोळ्यांनी गर्भपात पूर्ण झाला हे कसे कळणार? हे तुमचे प्रश्न आहेत आणि डॉक्टरचा वेळ त्यासाठीच राखलेला आहे.

दुसऱ्या भागाचा सूर मात्र वेगळा आहे, आणि तुमच्या कानाने तो अचूक टिपला. त्यात डॉक्टरच्या तोंडून सरकार बोलते. पुस्तिकेत कोणती वाक्ये असावीत हेसुद्धा कायद्यानेच ठरवून दिले आहे: गर्भ वाढवायला मदत करणाऱ्या पुष्कळ सरकारी आणि खासगी संस्था आहेत, आणि अंतिम निर्णयापूर्वी तुम्ही त्यांच्याशी संपर्क साधावा असा राज्याचा कळकळीचा आग्रह आहे, अशा आशयाचा मजकूर तिथे छापावाच लागतो. तटस्थ माहिती देणारा माणूस 'कळकळीचा आग्रह' करत नाही. गर्भ राहू द्यावा असे राज्याला वाटते आणि ते त्याने तुमच्या वैद्यकीय कागदांत घुसवले आहे, इतकी ही साधी गोष्ट आहे.

या बाजूचे म्हणणेही न्यायाने सांगायला हवे. निर्णय एकदा घेतला की मागे फिरता येत नाही, दबावाखाली आलेल्या मुलीला एक दिवस मिळाला तर ती 'नको' म्हणू शकेल, मदत मिळते हे ठाऊक नसल्यामुळे कुणी गर्भपात करू नये: हे युक्तिवाद मुळीच हास्यास्पद नाहीत. पुस्तिकेत आणखी एक वाक्य असते की गर्भपातासाठी कुणी स्त्रीवर जबरदस्ती करणे बेकायदा आहे. ते वाक्य मला मनापासून आवडते, आपल्याकडच्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर ते लावावे इतके. पण माहिती पुरवणे आणि मन वळवणे यांतली रेष सरकारे फार सहज ओलांडतात, आणि त्याचा इतिहास लांबलचक आहे.

ओहायोतल्या अॅक्रन शहराने १९७८ मध्ये नियम केला की गर्भधारणेपासूनच तो मानवी जीव आहे, असे डॉक्टरने स्त्रीला सांगावे आणि तिने २४ तास थांबावे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तो रद्द केला. १९८६ मध्ये तुमच्या पेनसिल्व्हेनियाच्याच माहिती-सक्तीची कलमे रद्द झाली. आणि मग १९९२ च्या त्याच केसी निकालात न्यायालयाने आपली आधीची भूमिका बदलली: माहिती सत्य असेल आणि दिशाभूल करणारी नसेल तर राज्य ती सांगायला लावू शकते, आणि एक दिवस थांबवणे हा 'अवाजवी बोजा' ठरत नाही. लांबून येणाऱ्या, गरीब, नोकरीवरून रजा न मिळणाऱ्या बायकांना हा एक दिवस फार जड जातो, असे खालच्या न्यायालयाने पुराव्यानिशी नोंदवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढले नाही, आणि तरीही अट कायम ठेवली. माझ्या मते त्या निकालातला सर्वांत लंगडा भाग तो. माहिती सगळ्यांना सारखीच मिळते, पण वाट पाहण्याची किंमत प्रत्येकीला वेगळी पडते.

दार उघडले तसे इतर राज्ये किती पुढे गेली, हे पाहिले म्हणजे पेनसिल्व्हेनिया सौम्य वाटू लागते. साउथ डकोटाने डॉक्टरला गर्भपातानंतर आत्महत्येच्या वाढलेल्या धोक्याविषयी स्त्रीला सांगायला लावले आणि २०१२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते मान्यही केले. टेक्सासने २०११ मध्ये आधी सोनोग्राफी करून तिचे वर्णन ऐकवण्याची सक्ती आणली. नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्यात तर अशी तरतूद होती की डॉक्टरने सोनोग्राफीचे चित्र समोर ठेवून वर्णन करत राहावे, आणि स्त्रीला नको असेल तर तिने नजर फिरवावी, ऐकण्यास नकार द्यावा. कल्पना करा, तपासणीच्या टेबलावर अर्धवट कपड्यांत पडलेली बाई डोळे मिटून कानांवर हात ठेवते आहे आणि शेजारी उभे असलेले डॉक्टर कायद्याच्या भीतीने बोलतच आहेत. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायदा डॉक्टरच्या भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला.

उलट दिशेचीही उदाहरणे आहेत. व्हर्जिनियाने २०२० मध्ये २४ तासांची अट स्वतःहून काढून टाकली, मिनेसोटाने २०२३ मध्ये. ओहायोत मतदारांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती केल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने तिथल्या अटीच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली, आणि मिशिगनमधली अट मे २०२५ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. पेनसिल्व्हेनियाचा कायदा मात्र जिथल्या तिथे आहे, म्हणून तुम्हाला तो पाळावा लागेल.

पाळायचा म्हणजे किती, हा तुमचा पुढचा प्रश्न. पुस्तिका वाचण्याची सक्ती नाही. ती आहे आणि तुम्हाला पाहता येईल, एवढे तुम्हाला सांगितले गेले पाहिजे. पाहायची की नाही हे तुम्ही ठरवायचे. 'मला नको, धन्यवाद' एवढे म्हणणे पुरेसे आहे. आणि सहीचा अर्थ 'मला ही माहिती देण्यात आली' इतकाच आहे, 'मला हे पटले' असा नाही. रजिस्टर टपाल घेताना पोस्टमनच्या कागदावर आपण सही करतो तेव्हा पाकिटातला मजकूर मान्य केला असे होत नाही, तसेच हे.

पण मला वाटते, तुम्ही पुस्तिका उघडालच. अशा वेळी माणूस न वाचायचे ठरवतो आणि रात्री दोन वाजता मोबाईलवर तेच शोधतो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पुस्तिकेतली चित्रे मात्र कायद्यानुसार फलनापासून दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांनी द्यायची असतात. या दोन मोजण्यांत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो. तुमचा आठवा आठवडा म्हणजे फलनानंतरचा सहावा. कोणत्या पानावरचे चित्र आपले, हे पाहण्याआधी त्या पानावर मोजणी कुठून धरली आहे ते बघा, नाहीतर नसलेल्या गोष्टीसाठी रडाल. आणि असलेल्या गोष्टीसाठी रडू आले तर रडा. रडणे म्हणजे संमती मागे घेणे नव्हे, आणि ते पाहून कोणतेही शहाणे क्लिनिक तुम्हाला परत पाठवणार नाही. तुम्ही आई आहात, तसले चित्र पूर्वी एकदा आनंदाने पाहिले आहे. या वेळी ते पाहून काहीच वाटू नये, अशी अपेक्षा स्वतःकडून करू नका. मात्र त्या दिवशी, अगदी शेवटच्या क्षणीही, खरोखर मन बदलले तर 'नको' म्हणण्याचा हक्क तुमचाच आहे, आणि फोनवर काय ठरले होते याचा जाब तुम्हाला कुणी विचारणार नाही.

डॉक्टर कारण विचारतील, तेव्हा बिचकू नका. केवळ मुलगा की मुलगी एवढ्याच कारणावरून गर्भपात करण्यास पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात मनाई आहे. आपल्या नावाकडे आणि चेहऱ्याकडे पाहून तो प्रश्न आपल्यालाच जरा जास्त रोखून विचारला जातो असे वाटेल; तसे वाटणे चूक नाही, आणि १९९४ साली लिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागलेल्या देशातून आपण येतो, हेही खरे. तुमचे उत्तर सरळ आहे, ते सरळ द्या.

भाषेचाही विचार करा. तुमचे इंग्रजी चांगले असेल, पण पोटात कळ येत असताना परक्या भाषेतल्या सूचना अर्ध्याच कळतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थांना दुभाषा मोफत द्यावा लागतो. अपॉइंटमेंट घेताना 'फोनवर मराठी दुभाषा मिळेल का' असे विचारा. पुढेमागे कुणा ओळखीच्या बाईला असा प्रसंग आला, तर तिच्या नवऱ्याला किंवा सासूला दुभाषा म्हणून बसवू नका, हेही सांगून ठेवतो. संमती कुणाची हे मग कळेनासे होते.

व्हिसाच्या अर्जातला तो प्रश्न मला ठाऊक आहे. अमेरिकन व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात सुरक्षेच्या प्रश्नांमध्ये तो येतो: लोकसंख्या नियंत्रणाच्या नावाखाली एखाद्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करायला भाग पाडण्यात तुमचा थेट सहभाग होता का? तो प्रश्न जबरदस्ती करणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या इच्छेने, कायद्याच्या चौकटीत केलेल्या गर्भपाताशी त्याचा संबंध नाही, आणि पुढच्या अर्जात 'नाही' लिहिताना तुम्ही खोटे बोलत नाही. क्लिनिक राज्याच्या आरोग्य खात्याला अहवाल पाठवते, पण त्यात रुग्णाचे नाव नसते.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या टपालपेटीची. तुम्ही यजमानांच्या इन्शुरन्सवर असणार, आणि उपचारांनंतर इन्शुरन्स कंपनी कोणत्या तारखेला, कुठे, कसला उपचार झाला याचे हिशेबपत्र पॉलिसीधारकाच्या घरी पाठवते. सासूबाई सकाळी फेरफटका मारून येताना टपाल घेऊन येत असतील, तर तिथे सारे उघड व्हायचे. म्हणून यजमानांना आत्ताच सांगा की इन्शुरन्सच्या खात्यात जाऊन कागदी पत्रे बंद करून ती ऑनलाइन करून घ्या. क्लिनिकला सांगा की फक्त माझ्या मोबाईलवर फोन करा, घरी पत्र पाठवू नका. अशी वाजवी विनंती पाळणे रुग्णांच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार त्यांना बंधनकारक आहे, आणि तिचे कारण त्यांना विचारता येत नाही. इन्शुरन्स योजनेत गर्भपाताचा खर्च मुळात बसतो का, तेही याच खटपटीत विचारून घ्या. सासूबाईंना सांगायचे की नाही, हा सर्वस्वी तुमचा आणि यजमानांचा प्रश्न आहे. त्या दिवशी मुलाला सांभाळायला त्या घरात असतील, आणि 'पाळीचा त्रास होतोय, आज पडून राहते' हे वाक्य कोणत्याही मराठी सासूला समजते.

राहिला एडिसनचा प्रश्न. मावसबहीण खरे बोलते: न्यू जर्सीत २४ तासांची अट नाही आणि सरकारी मजकूर ऐकवण्याची सक्तीही नाही. जायचेच असेल तर तिथे जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण हिशेब करा. तुमच्या राज्यात ही आधीची माहिती फोनवर दिली तरी चालते, म्हणजे एका दिवसाच्या अटीसाठी क्लिनिकला दोन फेऱ्या माराव्या लागत नाहीत. उलट एडिसनला जाऊन यायचे म्हणजे अडीच वर्षांच्या मुलासह किंवा त्याला मागे ठेवून जवळजवळ पूर्ण दिवस जातो, सासूबाईंना प्रवासाचे निमित्त सांगावे लागते, आणि ते क्लिनिक तुमच्या इन्शुरन्सच्या यादीत असेलच असे नाही. एका फोनचा मनस्ताप वाचवण्यासाठी इतके करावे असे मला वाटत नाही. घराजवळ लवकर वेळ मिळत नसेल, तरच एडिसनचा विचार करा.

वेळ मात्र दवडू नका, कारण गोळ्यांच्या पद्धतीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ७० दिवसांपर्यंत आहे. तुम्ही साधारण पन्नाशीच्या दिवसांत असाल. यजमान परत येईपर्यंत थांबलात तर तो पर्याय कदाचित हातातून जाईल, आणि त्यांच्या सहीसाठी थांबण्याचे कारण तर उरलेलेच नाही. ते फोनवर सोबत राहू शकतात; वेळेचा फरक लक्षात घेतला तर तुमची सकाळ ही त्यांची संध्याकाळ, तेव्हा ते मोकळेही असतील.

क्लिनिकला उद्याच फोन करा आणि डॉक्टरांशी बोलण्याची वेळ शक्य तितक्या लवकरची मागा. बोलणे झाले की तारीख आणि घड्याळातली वेळ कागदावर टिपून ठेवा: मंगळवारी सकाळी साडेदहाला ते संपले, तर बुधवारी साडेदहानंतरची अपॉइंटमेंट घेता येते. क्लिनिकही ती वेळ नोंदवते, पण आपल्याकडे एक नोंद असलेली बरी.